फक्त बघायचा पासवर्ड

सोमवारपासून मी खाली काउंटरवर बसायचं, असं साहेबांनी चहा पिता पिता सांगून टाकलं. अंधेरीतल्या त्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी बावीस वर्षं पेशंटचं रेकॉर्ड सांभाळत होते. आता रजिस्टरं जाऊन सगळं कॉम्प्युटरात आलं होतं. "डेटाबेस नव्या मुली बघतील. तुम्हाला ह्या वयात कशाला ताप?" साहेब म्हणाले. माझं डोकंच फिरलं. वय माझं, ताप माझा, ह्यांना कुणी विचारलं होतं?

मी तडक कॉम्प्युटरवाल्या मुलीकडे गेले. "तू ज्यात डेटाबेस बघतेस ना, ते माझ्या मशीनवर टाकून दे."

"सोप्पंय काकू. कमांड-बिमांड काही नाही, नुसतं क्लिक करायचं." तिनं टूल टाकलं आणि हसत एक पासवर्ड दिला. "हा फक्त बघायचा आहे हां. ह्यानं काही बदलता येत नाही, म्हणजे बिघडणार पण नाही."

राग गिळून मी तो घेतला. सर्व्हरचा पत्ता भरला, पासवर्ड भरला. लाल अक्षरांत नकार आला, कारण पत्त्यातलं एक टिंब राहिलं होतं. पुन्हा भरल्यावर डावीकडे यादी उघडली: पेशंट, तपासण्या, डॉक्टर. कशावरही क्लिक केलं की आडव्या-उभ्या रकान्यांचं पान. अरे, ही तर माझीच रजिस्टरं! एवढ्यासाठी मला खाली पाठवत होते?

वरच्या शोधायच्या चौकटीत मी सहज आमचं आडनाव टाकलं. सासऱ्यांच्या नोंदीपुढे शेरा होता, 'दुबार'. शनिवारी दुबार नोंदी उडवून त्यांतले रिपोर्ट मूळ नोंदीत टाकणार, हे मला ठाऊक होतं. आमच्या कोकणातल्या घरांत थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. माझ्या मुलाचं तेच. नाव एक, आडनाव एक, आणि सासरे मोबाइल वापरत नाहीत म्हणून नंबरही मुलाचाच. मधलं नाव फॉर्मात नव्हतंच. मुलींनी नाव आणि नंबर जुळवला, जन्मतारीख पाहिलीच नाही. गिरणीतून निवृत्त झालेल्या माझ्या सासऱ्यांचे बारा वर्षांचे साखरेचे रिपोर्ट नातवाच्या नावावर जाणार होते.

शेऱ्यावरून शोधलं, तर आजोबा-नातवांच्या अशा एकोणीस जोड्या निघाल्या.

मी साहेबांना माझ्या टेबलापाशी बोलावलं. "हे ब्याऐंशी वर्षांचे, हा चोवीस वर्षांचा. ह्यातलं इन्सुलिन कोण घेतं, सांगा."

त्यांनी वाकून दोन्ही जन्मतारखा वाचल्या. मग म्हणाले, "बरं झालं पाहिलंत. यादी मुलींना द्या, त्या दुरुस्त करतील."

"नाही देणार."

हे त्यांना मी बावीस वर्षांत पहिल्यांदा म्हणत होते. खुर्चीतून उठले नाही.

"सोमवारी खाली कुणाला बसवायचं ते तुम्ही बघा," मी म्हटलं. "मला नोंदी बदलायचा पासवर्ड द्या."