अण्णांच्या ब्रशची खडखड

मला राग आला की आधी हात उठतो, डोकं मागाहून येतं. हे कौतुकानं सांगत नाही. याच हातानं मी एका भल्या माणसाचा जबडा मोडला, आणि त्याचं कारण दात घासायचा एक ब्रश होता असं लोक म्हणतात. लोकांचं निम्मंच खरं आहे.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. उदगिरात आमच्या गल्लीला नळ पंधरा-पंधरा दिवस यायचा नाही. आला की करंगळीएवढी धार, तीही घटकाभर. नळाच्या दिवशी गल्लीत कुणी कुणाचं नसायचं. ज्या बायका एरवी एकमेकींच्या डोक्याला तेल लावायच्या, त्यातल्या एकीनं दुसरीच्या डोक्यात पितळी घागर घातलेली मी पाहिली आहे. रक्त पाण्यात गेलं म्हणून तिसरी ओरडली, रक्तासाठी नाही. तेव्हा गल्लीनं बसून एक कायदा केला होता. नळाला कुणी मोटर लावायची नाही. मोटर लावली की सगळ्या गल्लीचं पाणी एका घरात ओढलं जातं. जो लावेल त्याची मोटर दगडानं फोडायची आणि मोटरीबरोबर त्यालाही. कोपऱ्यावरच्या एका दुकानदाराला हा कायदा पहिल्यांदा लागू झाला. त्याचा खांदा पुन्हा सरळ झाला नाही.

आणि मी होतो मोटर वायंडिंगवाला, जळालेल्या मोटरींत नवी तार गुंडाळणारा. बोअर आटत होते, मोटरी जळत होत्या, गावात बहुतेक मलाच तेवढं काम होतं. गल्लीचा डोळा माझ्या घरावर असणारच.

त्याआधीच्या हिवाळ्यात उदगीरला जिल्हा करा म्हणून रोज काहीतरी पेटत होतं. लातूर जिल्हा झाला तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चौकात पेढे वाटले होते. आता लातुरापासून सुटायचं म्हणून तेच अण्णा रस्त्यावर बसायला गेले. जिल्हा झाला की पाणी येईल असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. अण्णा स्वतः कधी खोटं बोलत नसत, म्हणून दुसऱ्याचंही त्यांना खरं वाटायचं. टायर जळाले, एका गाडीच्या काचा फुटल्या, पळापळ झाली. दगड कुणाचा, काठी कुणाची, पाय कुणाचा, आजवर कळलेलं नाही. अण्णांच्या उजव्या पंजाचा चुरा झाला. सगळं बंद होतं. शेजारच्या रिक्षावाल्यानं त्या दगडफेकीतून आपली रिक्षा काढली, पुढची काच फुटली तरी थांबला नाही, आणि गावाबाहेर नेऊन अण्णांना नांदेडच्या जीपमध्ये बसवलं. नांदेडला पंजात सळया घातल्या. हात वाचला, बोटं मात्र मिटेनात.

अण्णांना दुसऱ्याच्या हातानं काही करून घेणं म्हणजे मरण. जेवण डाव्या हातानं जमवलं, पण दात घासणं जमेना, तो हात लटलट कापायचा. एकदा मी घासायला गेलो तर कचकन चावले. रागानं चावले, चुकून नव्हे. मीही हात उगारला होता, कसाबसा खाली घेतला. त्यानंतर ते तोंडच धुवेनात, माणसांशी बोलताना पंचा तोंडावर धरायचे. मला ते बघवत नव्हतं आणि बघवत नाही याचाही राग यायचा.

मग नांदेडहून बहीण आली, तिनं विजेवर चार्ज होणारा ब्रश आणला. दांडा जाडजूड, डाव्या मुठीत नीट बसणारा. हात हलवायचं कामच नाही, दातांवर टेकवला की झालं. त्या दिवशी अण्णांनी कितीतरी महिन्यांनी स्वतःचं तोंड स्वतः धुतलं. मग पंचा खुंटीला अडकवला आणि गल्लीत जाऊन बसले, ज्याच्या-त्याच्याशी बोलत.

ब्रश महिनाभर बरा चालला, मग खडखडायला लागला. आमच्या आटत्या बोअरचं पाणी क्षाराचं. ब्रशचं मुंडकं ज्या सळईवर बसतं तिथं क्षार चढला, आतली पकड झिजली, आणि मुंडकं सळईवर नाचायला लागलं. त्यात आमच्या मोरीला पत्र्याचं दार आणि शेजारच्या घराशी सामाईक भिंत. ब्रश चालू झाला की पत्रा थरथरायचा आणि गिरणीएवढा आवाज व्हायचा.

एका दुपारी नळ आला आणि अण्णा दात घासायला बसले. नळाच्या दिवशी पाणी आल्यावरच तोंड धुवायचं असा त्यांनी काटकसरीचा नेम केला होता. दोन मिनिटांत दारावर लाथ बसली. पाच-सहा जण काठ्या घेऊन आत, पुढे तो रिक्षावाला. मला कॉलरला धरून भिंतीवर आपटलं. तेवढ्यात मोरीतून अण्णा बाहेर आले, तोंडाला पांढरा फेस, हातात खडखडणारा ब्रश. सगळे असे हसले की एकाच्या हातातली काठी पडली. रिक्षावाला अण्णांच्या पाया पडला. म्हणाला, आता हा आवाज आला तर कुणी दार वाजवणार नाही. अण्णांचा ब्रश म्हणजे अण्णांचा शब्द.

संध्याकाळी अण्णा म्हणाले, एवढ्या मोटरी नीट करतोस, एवढी खडखड काढ. काम दहा मिनिटांचं होतं. मुंडकं लिंबाच्या रसात बुडवून क्षार काढायचा, आणि वायंडिंगच्या तारेवर चढवतो ती पातळ नळी, स्लीव्ह, तिचा बोटभर तुकडा सळईवर बसवायचा. फट भरली की आवाज बंद. मी तुकडा कापलाही. तो हातात धरून बसलो असताना ते माझ्या डोक्यात आलं.

मी तुकडा खिशात टाकला आणि अण्णांना सांगितलं, याचा पार्ट मिळत नाही.

पुढच्या नळाला मी एक छोटी मोटर गोधडीत गुंडाळून जिन्याखाली ठेवली आणि पाइपाला जोडली. गोधडीतून नुसती घरघर यायची, तीही भिंतीपलीकडे गेलीच असती. म्हणून मी अण्णांना हाक मारायचो, नळ आलाय, दात घासून घ्या. ते खूश होऊन मोरीत जायचे. ब्रशची खडखड सुरू झाली की मी बटण दाबायचो. "जरा नीट घासा, घाई करू नका," असंही म्हणायचो. टाकी अर्धी भरायची. भिंतीपलीकडे रिक्षावाल्याची बायको हंड्यात थेंब मोजत बसलेली असायची, आणि अण्णांच्या खडखडीला हसायची. मला लाज वाटत होती. पण टाकी भरलेली असली की लाज वाटूनही झोप लागते, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं.

चौथ्या खेपेला घात झाला. आदल्या रात्री वीज नव्हती, ब्रश चार्ज झालाच नव्हता. दुपारी वीज आली, पाठोपाठ नळ आला. अण्णा मोरीत, मी जिन्याखाली. खडखड मध्येच थांबली. मी बटणाकडे झेपावलो तर गोधडीत हात अडकला, बटण हाताला लागेना. ब्रश बंद, आणि घरात घरघर चालूच.

मोरीचं दार उघडलं. अण्णा ब्रशकडे बघत होते, मग त्यांनी जिन्याखाली बघितलं. तेवढ्यात बाहेरचं दार ढकलून रिक्षावाला आला, हातात काठी, मागे तिघं-चौघं. जिना आडोशाला होता, त्याखालची मोटर त्यांना दिसत नव्हती. मी हात सोडवून त्याच्या मागे येऊन उभा राहिलो. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"अण्णा, तुमीच सांगा. ब्रश चालू हाय का?"

मी त्याच्या मागून अण्णांना डोळ्यांनी विनवत होतो, हो म्हणा. एक शब्द म्हणाले असते तर गल्ली परत गेली असती, त्यांच्या शब्दाला तेवढी किंमत होती.

"न्हाई," अण्णा म्हणाले. "ब्रश बंद हाय. मोटर चालू हाय, आमच्या पोराची."

मी पाना उचलला आणि रिक्षावाल्याच्या तोंडावर घातला. राग मला अण्णांचा आला होता. मार त्याला बसला. हाड मोडल्याचा आवाज मला मोटरीच्या घरघरीतही ऐकू आला. तो खाली बसला आणि त्यानं ओंजळीत दात थुंकले. मग बाकीच्यांनी मला धरलं. काठ्या, लाथा, कुणीतरी नळाची तोटी काढून पाठीवर हाणली. माझ्या दोन बरगड्या गेल्या. आमच्याच वरवंट्यानं मोटर फोडली. अण्णा मोरीच्या दारात उभे होते. "सोडा त्याला" असं ते म्हणाले नाहीत. मी वाट बघत होतो, म्हणून मला नक्की आठवतं.

रिक्षावाल्यानं तक्रार दिली नाही. जबडा तारेनं बांधला होता, दोन महिने नळीनं पेज पीत होता, बोलू शकत नव्हता. तक्रार नाही हे त्यानं कागदावर लिहून दिलं, अण्णांसाठी. गल्लीनं आमच्या नळात लाकडाची खुंटी ठोकली.

पुढच्या खेपेला नळ आला तेव्हा अण्णा डाव्या हातात घागर घेऊन शेजारी रिक्षावाल्याच्या नळावर गेले आणि नळ नसलेल्यांच्या ओळीच्या शेवटी उभे राहिले. रिक्षावाल्याच्या बायकोनं त्यांना पुढे बोलावलं नाही की हाकललंही नाही. पाळी आली तेव्हा अर्धी घागर भरून दिली. अण्णा ती कापऱ्या हातानं सांडत घरी आले, मला उचलू दिली नाही.

त्याआधी मी बरगड्या बांधून आठवडाभर पडून होतो. तेवढ्यात मी ब्रश नीट केला होता. क्षार काढला, स्लीव्ह बसवली, चार्ज केला. आता इतका शांत चालायचा की हातात धरल्याशिवाय कळू नये. त्या संध्याकाळी मी तो अण्णांना दिला, चालू करून. त्यांनी तो डाव्या मुठीत घेतला, कानाशी नेला, बराच वेळ ऐकला.

"आता कायीच आवाज येत न्हाई," ते म्हणाले. "म्हंजे पार्ट मिळत व्हता. इतके दिवस माझ्या तोंडात खोटं घातलंस."

त्यांनी ब्रश बंद केला आणि माझ्या हातात परत दिला. मग बोटावर मंजन घेतलं. बोट कापत होतं, निम्मं मंजन सदऱ्यावर सांडलं. मी पुढे झालो तर त्यांनी तोंड फिरवलं. त्यानंतर तीन वर्षं ते जगले आणि माझ्याशी बोलताना तोंडावर पंचा धरत राहिले, फक्त माझ्याशी.