डॉक्टरांच्या नावावर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. तुम्हाला सांगतेय — जमेल तसं.

माझे सासरे, आम्ही त्यांना बाबा म्हणतो, मूळचे उरणकडचे. उभं आयुष्य मिठागरात गेलं. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे पनवेलजवळ विचुंब्याला राहायला आले. फ्लॅट लहान, बाथरूम एकच. बाबा सारखे आत जायचे आणि लवकर बाहेर यायचे नाहीत. लघवीची धार बारीक, थांबत थांबत येणारी — हे मला नंतर कळलं. तेव्हा दिसायची ती ओली फरशी. कधी ओला पायजमा. तो ते स्वतःच धुवायचे, माझ्याकडे न बघता वाळत घालायचे.

माणसाला काहीतरी होतंय, हे मला कळत नव्हतं? की कळून घ्यायचं नव्हतं?

माझ्या माहेरची माणसं यायची होती, त्याच सकाळी सोफ्यावर डाग पडला. मी तो घासून काढला. संध्याकाळी मेडिकलमधून बाबांच्या बीपीच्या गोळ्या घेऊन आले आणि म्हणाले, "बाबा, डॉक्टरांनी पाणी कमी करायला सांगितलंय. अगदी कमी."

डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं. मी त्यांना भेटलेच नव्हते.

"डाक्टर बोललाय ना, मंग तसाच करू," बाबा म्हणाले.

आणि केलं. भर उन्हाळ्यात ते नुसते ओठ ओले करायचे. मी बघत होते. फरशी कोरडी राहत होती — आणि मला बरं वाटत होतं. हो, बरं वाटत होतं.

मग एका दुपारी त्यांना हुडहुडी भरून ताप आला. ओटीपोट फुगलं, लघवी होईना. नवरा द्रोणागिरीच्या गोदामातलं काम टाकून धावत आला. पनवेलच्या हॉस्पिटलात नळी घालून लघवी काढली, सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाईंनी समजावलं — वय वाढलं की पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढते, मूत्रमार्ग दाबते, लघवी आत साठून राहते. त्यात पाणी कमी, म्हणून जंतुसंसर्ग झाला.

"यावर चांगले उपचार आहेत आजोबा, घाबरू नका. झोपायच्या आधी पाणी थोडं आवरा, पण दिवसभर प्यायलाच हवं. इतकं कमी करायला कुणी सांगितलं?"

मी कॉटच्या पायथ्याशी उभी होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"कोनी नाय," ते म्हणाले. "माजाच डोका."

नवरा त्यांच्यावर चिडला, नको नको ते बोलला. त्यांनी ऐकून घेतलं. मी त्यांच्या अंगावरची चादर सारखी करत राहिले.

ताप उतरला, गोळ्या सुरू झाल्या, पण नळी काढली की पुन्हा अडायचं. शेवटी पोट न कापता दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. काही दिवस लघवी लालसर होती, मग निवळली. एका सकाळी बाथरूममधून हाक आली, "सूनबाय, नल सुटला गो!" मी स्वयंपाकघरात हसले, आणि हसता हसता रडले.

आता बाबा एकटे एसटीने उरणला बहिणीकडे जातात. चार दिवस राहतात, खाडीची कोळंबी घेऊन येतात.

आज रविवार. ते आत बसून कोळंबी सोलतायत, नवरा शेजारी पेपर वाचतोय. हे लिहून झालं की मी आत जाऊन दोघांसमोर हे सगळं सांगणार आहे. बाबा मध्ये पडून पुन्हा मला वाचवायला बघतील. तरी सांगणार आहे.