ज्याला कमी मार्क, तो पहिला

सत्तरीनंतर माणसाच्या घरात औषधं साठतात. माझ्याकडे किस्से साठले, आणि तेही एका प्लॅस्टिकच्या मास्कमुळे. एक सांगायला घेतला की बाकीचे आपोआप मागे रांग लावतात. ते खरंच गमतीचे आहेत की मला एकट्यालाच तसे वाटतात, कोण जाणे. पस्तीस वर्षं नांदेडच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. तेव्हापासून कशाचीच पूर्ण खात्री वाटत नाही.

मूळ दुखणं एवढंच, की झोपेत माझा श्वास थांबतो. घशातली वाट मिटते, घोरणं एकदम बंद पडतं, आणि शेजारी झोपलेली शोभा, म्हणजे माझी बायको, मला कोपरानं ढोसते. मग श्वास पुन्हा सुरू. ही व्यवस्था कित्येक वर्षं बिनतक्रार चालली. तपासणीत निघालं की हे तासाला चाळीसेक वेळा होतं. डॉक्टर म्हणाले, "सर, काकूंच्या कोपरावर किती दिवस काढणार? हृदयावर ताण येऊन राहिलाय." आणि त्यांनी सीपॅप मशीन लिहून दिलं. नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीतून रात्रभर दाबाने हवा. अट एवढीच: रोज किमान चार तास लावायचं आणि महिन्याने आतली चिप दाखवायला आणायची.

मला मास्क लावला की पाच मिनिटांत गुदमरायला व्हायचं. नाकात हवा भसाभसा शिरत असतानाच आपल्याला हवा मिळत नाही, असं वाटायचं. हे तर्काला धरून नाही, हे मला कळत होतं. कळून काही उपयोग होत नव्हता.

त्याच डॉक्टरांचे आणखी दोन पेशंट माझे जुने स्नेही निघाले. एक लातूरचे बिरादार गुरुजी. मूळ गाव जळकोट. मुख्याध्यापक होते आणि जन्मभर दहावीच्या परीक्षेचं केंद्र सांभाळलं. दुसरे आमच्याच गल्लीतले मुखेडकर वकील. तिघांचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला. वकिलांनी त्याचं नाव ठेवलं, 'हवाई दल'.

*

मशीनच्या पडद्यावर रोज सकाळी एक आकडा येतो. रात्री तासाला किती वेळा श्वास अडला, तो हा आकडा.

पहिल्या सकाळी गुरुजींचा ग्रुपवर मेसेज आला, "तीन. प्रयत्न करून राहिलो." खाली हात जोडलेलं चित्र. पाठोपाठ वकिलांचा, "सतरा!" त्यांच्याकडे त्या दिवशी शिरा झाला. वाटीभर आमच्याकडेही आला.

शिरा खाऊन झाल्यावर मी दोघांना फोन करून समजावलं, की यात आकडा जितका कमी तितकं चांगलं.

गुरुजी म्हणाले, "असली कसली परीक्षा हो सर? म्हणजे मी पहिला आलो?"

दुपारपर्यंत पडद्याचा फोटो त्यांच्या सगळ्या माजी विद्यार्थ्यांना पोचला. खाली लिहिलं होतं, 'लातूर पॅटर्न'. वकिलांनी ग्रुपवर उत्तर टाकलं, "मी पेपर फेरतपासणीला टाकून राहिलो."

*

नाकावरच्या मास्कची एक खोड आहे. तोंड उघडलं की सगळी हवा तोंडावाटे फुस्सकन बाहेर येते आणि बोलताच येत नाही.

मुखेडकर वकिलांनी कोर्टात समोरच्याला कधी वाक्य पुरं करू दिलं नाही, घरी तर नाहीच. आठवडाभरात वहिनींच्या लक्षात आलं, की मास्क चढवला की हे फक्त डोळे मोठे करतात.

तेव्हापासून वहिनी साडेआठलाच मास्क हातात घेऊन उभ्या राहतात. "लावा आता. मला थोडं बोलायचंय."

*

मशीनमध्ये डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं. आमच्याकडे ते बॅटरीच्या दुकानात मिळतं. मी बाटली मागितली, तर दुकानदारानं विचारलं, "गाडी कोणती?"

गाडी नाही, मलाच पाहिजे, असं मी प्रामाणिकपणे सांगितलं. झोपेचं, श्वासाचं, मशीनचं, सगळंच सविस्तर सांगितलं. मला थोडक्यात सांगता येत नाही.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "मॉडेल कोणत्या सालचं?"

"एकोणपन्नास."

"मग सर, पाणी घालून कायकू वेळ घालवता? बॅटरीच बदला."

घरी आल्यावर शोभानं त्यातलं चमचाभर पाणी चाखून पाहिलं. माझ्या वाट्याला येणारी प्रत्येक गोष्ट आधी तिच्या हाताखालून जाते. आंघोळीच्या पाण्यात सुद्धा आधी तिचा हात. "चव न्हाई कसलीच," ती म्हणाली आणि बाटली माझ्याकडे दिली.

*

कंधारचा माझा भाचा एका रात्री मुक्कामाला होता. पहाटेच्या गाडीला निघताना त्यानं दारातून आत डोकावून पाहिलं. नेमकी तेव्हाच मी मास्क लावून दहा मिनिटं टिकण्याचा सराव करत होतो. कोरोनापासून नळी म्हटलं की आमच्या लोकांना एकच गोष्ट आठवते. भाचा काही न बोलता गेला, आणि कंधारला पोचेपर्यंत मी व्हेंटिलेटरवर होतो.

दुपारी जीप भरून नातेवाईक आले. वाटेत थांबून अर्धापूरची केळी घेतली होती. दार मीच उघडलं. पुढं असलेल्या चुलतभावानं माझ्याकडे पाहिलं, मग केळ्यांकडे पाहिलं.

"तू उभा कसा?"

मी माफी मागितली. का मागितली, ते अजून कळलेलं नाही. चहा झाला, जेवणं झाली. निघताना चुलतभाऊ हळूच म्हणाला, "दादा, घटकाभर नळी लावून आडवा व्हय की. फोटो काढतो. जीप करून आलो हाव, गावात काय सांगू?"

*

आता शेवटचा. हा सांगावा की नाही, यावर मी बराच विचार केला.

महिना संपत आला, तरी मी एकही रात्र चार तास टिकलो नव्हतो. अर्ध्या तासात मास्क काढायचा आणि शोभाच्या कोपराच्या भरवशावर झोपायचं. एकदा मशीन चालू करून मास्क उशीवर ठेवून पाहिला. सकाळी पडद्यावर रडका चेहरा आला. गुरुजींना फोनवर कबूल केलं, तर केंद्रावरचा जुना आवाज काढून म्हणाले, "चिप सगळं लिहून ठेवते, सर. तिथं कॉपी चालत न्हाई."

तारखेला मी आणि शोभा डॉक्टरांसमोर बसलो. त्यांनी चिप लावली आणि वाचायला सुरुवात केली. वीस मिनिटं. पस्तीस मिनिटं. शून्य. अकरा मिनिटं. ते वाचत गेले, मी खाली बघत गेलो. शेवटी त्यांनी चष्मा काढला. "सर, असंच चाललं तर पुढच्या वेळी आपण मशीनबद्दल नाही, हृदयाबद्दल बोलणार आहोत."

मग पुन्हा पडद्याकडे बघून ते थबकले.

"पण हे काय? गेल्या मंगळवारी सलग अडीच तास. दुपारी दोन ते साडेचार. हवा कुठंच गळलेली नाही. मंगळवारी जमलं, तर रोज का नाही?"

क्षणभर वाटलं, गप्प बसावं. पण जमलं नाही. "मंगळवारी दुपारी मी लातूरला होतो. गुरुजींच्या नातवाच्या बारशाला."

डॉक्टर परीक्षाप्रधान लातूरचेच. म्हणाले, "म्हणजे डमी बसवला?"

मी शोभाकडे पाहिलं. ती भिंतीवरचं फुप्फुसाचं चित्र बघत होती.

"काकू?"

"गुदमरतंय, गुदमरतंय म्हणत होते महिनाभर," ती चित्राकडे बघतच म्हणाली. "म्हटलं, खरंच गुदमरतं का, ते आधी आपण बघावं."

"मग?"

"मग काय. झोपच लागली."

शोभानं पदर सारखा केला.

"गुदमरत न्हाई. आज रात्रीपासून लावतील ते." मग ती पुढं सरकून पडद्यात वाकून बघायला लागली. "मला किती मार्क पडले?"