रत्नाक्कांचा ग्लोब

"काका, हॉलमधल्या दिव्याच्या त्या ग्लोबवर आतून काही रंगवलेलं होतं का?"

केतकीचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाचा पंखा उघडून बसलो होतो. रंग होता. मीच तो ब्लेडने खरवडून काढला होता.

"का गं?"

"रत्ना आंटी जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, आमच्या यांनी रंगवलेला ग्लोब नीट ठेवलायस ना? मी हो म्हटलं. आता तुम्ही दिलेला खोका उघडला तर आत नुसती काच. त्या पाचला वर येतायत."

मी इलेक्ट्रिशियन आहे. मूळचा बेळगावचा, पण उमर गेली बेंगळुरूत. हल्ली माझ्याकडे भाड्याच्या घरांची कामं जास्त येतात. भाडेकरूला घर आपलंसं करायचं असतं आणि मालकाला भिंतीत एक भोक नवं नको असतं. म्हणून मी कमी खर्चाचं आणि परत काढता येईल असंच काम करतो. पांढरा बल्ब काढून पिवळसर उजेडाचा लावायचा. चिकटणाऱ्या हुकवर प्लगवाला दिवा टांगायचा. छतावरून लोंबणाऱ्या होल्डरला खाली एक चाकी असते. ती फिरवून काढायची, वेताची शेड अडकवायची, चाकी परत घट्ट करायची. वायरला हातसुद्धा लावावा लागत नाही. आधी फोटो काढतो. जुनं सामान स्वच्छ धुऊन, कागदात गुंडाळून, खोक्यावर खोलीचं नाव घालून देतो. या धुण्याचा मला फार अभिमान होता.

केतकी नागपूरची, आयटीतली. एकट्या मुलीला घर द्यायला मालक का-कू करत होते. मल्लेश्वरमच्या रत्नाक्कांनी वरचा मजला दिला, अट एकच घातली, घर आहे तसं परत मिळालं पाहिजे. पुढच्या आठवड्यात अ‍ॅग्रीमेंट रिन्यू व्हायचं होतं. आणि मी रत्नाक्कांना शब्द दिला होता, "अक्का, एक स्क्रू इकडचा तिकडे होणार नाही."

हॉलमधला ग्लोब म्हणजे दुधी नाही, साध्या काचेचा, खालून उघड्या तोंडाचा. तीन स्क्रू सैल केले की हातात येतो. अर्ध्या भागाला आतून पांढरा ऑइलपेंट होता. मला वाटलं, कुणा पेंटरचा निष्काळजीपणा. सोडा, गरम पाणी, ब्लेड. अर्धा तास घासला, लखलखीत करून खोक्यात ठेवला आणि त्याच्या जागी वेताची शेड लावली.

तीन वाजता मी पोचलो. येताना पांढऱ्या रंगाची डबी आणि ब्रश घेतला होता, खोटं कशाला बोलू.

केतकी खोक्याशेजारी फरशीवर बसली होती. "काका, फोटो आहे ना तुमच्याकडे? बघून रंगवून टाका. कुणाला कळणार?"

फोटो मोठा करून पाहिला. रंगाची कड तिरकी गेलेली. एके ठिकाणी ब्रशचा केस चिकटलेला. मी डबी उघडली, ब्रश बुडवला, काचेपर्यंत नेला. आणि तिथेच थांबलो. रंग जमला असता. पण त्या बाईंनी ग्लोब हातात घेतला असता आणि मी समोर उभा असतो, ते जमलं नसतं. मी डबी बंद केली.

"मला दुसरं घर नाही मिळणार काका," केतकी म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

"मी सांगतो. तुझं नाव येणार नाही."

पाचपर्यंत मी तीनदा पाणी प्यालो. रत्नाक्का कठडा धरत वर आल्या. शेडकडे बघून म्हणाल्या, "उजेड स्वल्प पिवळा आहे. पण बरा दिसतोय."

मी ग्लोब त्यांच्यासमोर ठेवला. "अक्का, आतला रंग मी काढला. डाग वाटले मला. केतकीला माहीत नव्हतं."

त्यांनी ग्लोब फिरवून पाहिला. आतून बोट फिरवलं. "सगळा गेला?"

"हो."

"हे होते तेव्हा त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. कॉट इथंच होती. उजेड सोसायचा नाही. काळा चष्मा दिला होता, तो घालायचे नाहीत. ग्लोब खाली काढायचा तर तेही नाही. स्टुलावर चढून, हात आत घालून स्वतःच रंगवलं. मी स्टूल धरून खालून शिव्या देत होते."

मी मोबाइल पुढे केला. त्यांनी फोटो नीट पाहिला आणि परत दिला. "हा नुसता दिव्याचा फोटो आहे. यांचा हात नाही त्यात," म्हणाल्या.

केतकी घाबरत घाबरत म्हणाली, "आंटी, सॉरी. ते अ‍ॅग्रीमेंट..."

"सही करते की. तुझं काय चुकलं त्यात?" मग माझ्याकडे वळल्या. "अण्णा, ती शेड राहू दे आता. नंतरही काढू नको. हा ग्लोब परत लावून काय करू?"

केतकीचं घर वाचलं. तिने चहा टाकला. रत्नाक्का मला एक शब्द वावगा बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता मी सामान काढण्याआधी घरमालकाला विचारतो, हा डाग कसला? आणि काढलेली वस्तू धुळीसकट खोक्यात ठेवतो. धूळही मालकाचीच असते. गिऱ्हाइकं कुरकुरतात, काका, निदान पुसून तरी द्या. मी देत नाही.