रोबोटवाल्या सराईचे मार्क

पुऱ्या बार्शीटाकळीत मोनीच्या रोबोटवाल्या सराईइतके मार्क कोनं वाटले नसतीन, अन् त्याईच्याइतका हात हालवत बी कोनी गेला नसन. मोनी म्हंजे माही पोरगी, तवा नववीत होती. सर तिले विज्ञान शिकवे, पन शाळेतल्या पोट्ट्याईवर त्याईचं भागे नाई. ऑटोवाल्यानं खड्डा चुकवला का मांगून वरडे, "शाब्बास भाऊ, दहापैकी सात!" म्हशीनं रस्ता सोडला तं म्हशीले सहा. लग्नात जेवाले बसले तं वाढप्याले थांबवून भाजीचे वेगळे, वरनाचे वेगळे, अन् भात चाखून म्हने, "याले पुढच्या साली बसवा." वाढपी नुसता डोये वटारे.

आमच्या घरी पैल्यांदा आले ते कूलरचा बंद पडलेला पंप मांगाले. मले मास्तर लोकाईचा लय धाक, सातवीत शाळा सुटली तरी धाक काई सुटला नाई. चहा देल्ला अन् दारापाशी जाऊन उभी राहिली. सराईनं घोट घेतला, डोये मिटले, अन् म्हने, "ताई, साडेआठ. दीड काउन कापला, तं अद्रक लाजून राहिली." मी आतमंदी पयाली अन् गॅसपाशी उभी राहून एकटीच हासली. सातवीनंतर मले कोनं मार्कच देल्ले नवते ना.

मंग सराईकडं आमचा पंप गेला, मामाजीच्या, म्हंजे माह्या सासऱ्याच्या, फवारनीच्या यंत्राची मोटर गेली, शेजारनीचं मिक्सर गेलं, अन् साऱ्याचा मिळून रोबोट झाला. कापसाचं बोंड उचलाचं अन् टोपल्यात टाकाचं, एवढंच त्याचं काम. पोट्ट्याईले सर "काय बे गधड्या" म्हने, पन रोबोटले कधी अरे-तुरे नाई. "अहो, जरा डावीकडं वळता का?" असं दोन्ही हात जोडून. तो नाई वळला तं म्हने, "आज त्याईचं मन नाई, राहू द्या."

अन् एक दिवस सराईनं वर्गात सांगतलं का जो रोबोटच्या टीममंदी राईन त्याले विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाचे मार्क तिथूनच भेटतीन. मोनी घरी उड्या मारत आली. तिचं विज्ञानाचं पेपर लिवनं कच्चं, अन् मामाजीनं आधीच सांगून ठेवलं होतं, "एक डाव नापास झाली का शाळा बंद, मंग पाहुने पाहू." माहं लगन तसंच झालतं, मोनीएवढीच होती मी, म्हून त्या मार्काईले मी असं धरलं जसं विहिरीत पडलेलं मानूस दोर धरते. हेडमास्तरले कोनं इचारलंच नाई. सर मार्क देत आलते, सारे घेत आलते, तं याच्यात इचाराचं काय?

अमरावतीची स्पर्धा अन् शाळेची प्रात्यक्षिक परीक्षा एकाच दिवशी आली. मी भेत भेत इचारलं, तं सर म्हने, "ताई, अहो हेच तं प्रात्यक्षिक! तिकडं काय, लिटमस कागद बुडवाचा." गेले. तिथं रोबोट अर्ध्यात थांबला. सर खाली गुडघ्यावर बसले, "अहो, अमरावतीले येऊन असं करता का?" लोकं हासून हासून पडले. मोनीनं पंपावर एक बुक्की हानली अन् बोंड टोपल्यात. शिल्ड भेटली. हेडमास्तरनं ती आपल्या हातानं काचेच्या कपाटात ठेवली, फोटो काढले, पेढे वाटले.

अन् निकालात मोनीले प्रात्यक्षिकाचा झिरो. विज्ञानात नापास.

मी सराईसंगं शाळेत गेली. हेडमास्तर म्हने, "पोरगी गैरहजर होती. गैरहजर म्हंजे झिरो." सर म्हने, "साहेब, तिची शिल्ड तुमच्या कपाटात हाय." "ती शाळेची हाय. अन् मार्क का तुमच्या खिशातल्या गोया हायेत, मास्तर, का दिसला त्याले वाटल्या?" साऱ्या गावाले मार्क देनारा मानूस खाली मान घालून उभा होता. मंग लय हळू बोलले, "मले झिरो द्या ना साहेब. तिले काउन?" हेडमास्तरनं बेल वाजवून शिपायाले बलावलं.

एवढंच झालं का फेरपरीक्षेले बसू देल्लं. भर मे महिन्यात, अकोल्याकडचं ऊन तुमाले ठाऊकच हाय, सर डोक्याले दुपट्टा बांधून दुपारचे घरी येये. रोबोटचं नाव नाई, मार्काचं नाव नाई, नुसतं पाठ कर, लिव, पाठ कर. मामाजी खाटेवरून आयकवे, "मशिनवाले आले वाटते." सर आयकून घेये. मोनी पास झाली, कशीबशी. अन् जूनमंदी शाळेनं सराईले ठेवलं नाई, तासावरचेच मास्तर होते ते.

आता गेटवर मोठा बोर्ड लागला हाय, रोबोट टीमच्या पोट्ट्याईले मार्क भेटतीन म्हून, या सालापासून, नियमानं. खाली शिल्डचा फोटो. फक्त नववीपर्यंत. मोनी दहावीत हाय. बोर्डाखालून जाते अन् वर पाहात नाई. घरी मिक्सर बंद पडलं तरी हात लावत नाई.

मांगच्या हप्त्यात सर अकोल्याहून आलते, तिथं कूलरच्या दुकानात बसते म्हने. मोनी पास झाली तवापासूनचा माह्या मनात होता तो चहा केला, अद्रक ठेचून ठेचून टाकली. सराईनं कप रिकामा केला अन् खाली ठेवला. मीच धीर करून इचारलं, "किती, सर?"

ते हासले जरासे. "चांगला होता ताई."

चांगला होता. असं तं कोनीबी म्हंते वो.