शालिनीकाकूंच्या बागेचं दार

काचेचं दार सताड उघडं होतं आणि शालिनीकाकू बाहेर पाऊल टाकत नव्हत्या.

लंडनजवळच्या स्लाऊमधलं त्यांचं घर शंभर वर्षांपूर्वीचं, टेरेस्ड. म्हणजे रांगेतलं, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लागून. उजेड फक्त पुढून आणि मागून. मागे पूर्वी अंधारं किचन, अरुंद दार, दोन उंच पायऱ्या आणि मग बाग. काकू हॉस्पिटलमधून डॉक्टर म्हणून रिटायर झालेल्या. यजमान गेले, गुडघे गेले, मग बागेत जाणंही सुटलं. त्यांचा मुलगा निखिल त्यांना मिल्टन कीन्सला स्वतःकडे न्यायला निघाला होता. काकूंची एकच अट होती. बागेत एकटीला जाता आलं, तर इथेच राहीन.

मी आर्किटेक्ट. मागची भिंत पाडून किचन तीन मीटर पुढे नेलं, वर छपरात काचेचा स्कायलाइट बसवला, बागेकडे रुंद काचेचं दार. पायऱ्या काढल्या, बाहेरची जमीन उचलून किचनच्या लेव्हलला आणली. पाणी आत येऊ नये म्हणून दारापुढे जाळीची पन्हळ. आत-बाहेर एकच फरशी.

मे महिन्यातली ती संध्याकाळ अजून स्वप्नासारखी वाटते. सफरचंदाच्या झाडातून ऊन सावकाश किचनभर पसरत होतं. पांढऱ्या पाकळ्या तरंगत सिंकपर्यंत येत होत्या. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

"तिला भीती वाटते," निखिल हळूच म्हणाला. "सगळा खर्च वेस्ट गेला."

मी हात द्यायला पुढे झालो.

"हात नको," काकू म्हणाल्या. "चपला कुठे घालू ते सांग. उभ्याने मला वाकता येत नाही. आणि बागेतल्या चपला किचनमध्ये मी आणणार नाही. पूर्वी पायरीवर बसून घालायचे."

ती पायरी मीच काढली होती. माझ्या घरीही चपला दाराबाहेरच निघतात. पण ड्रॉइंग काढताना मी बहुतेक मासिकातल्या घरात राहत होतो.

पाडलेल्या भिंतीच्या विटा शिल्लक होत्या. पुढच्या आठवड्यात बिल्डरने दाराशीच त्यांचा छोटा कट्टा बांधला. बसायचं आत, पाय बाहेर. बाजूला धरायला दांडी. काकू बसल्या, चपला घातल्या, दांडी धरून उठल्या आणि झाडापर्यंत एकट्या चालत गेल्या. आम्हा दोघांना त्या विसरूनच गेल्या होत्या. मला फार बरं वाटलं.

काकू मिल्टन कीन्सला गेल्या नाहीत. किती काच हवी, हे मी हल्ली क्लायंटला नंतर विचारतो. आधी विचारतो, चपला कुठे काढता? इंग्रज क्लायंट क्षणभर माझ्याकडे बघतात, मग स्वतःच्या पायांकडे.