दाराजवळच्या बाकावर

भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. आजही जातो... पण एक प्रसंग असा आहे की तो माझ्यासोबत उठून येतो.

निजामाच्या राजवटीतली, सन चाळीसनंतरची गोष्ट. मी उस्मानाबादला नवा वकील, आणि तिथल्या वकील मंडळाचा चिटणीस. एका मीटिंगमध्ये ठराव आला – काम सोडलेल्या वकिलांची नावं यादीतून काढावीत. ते येत नाहीत, निमंत्रणं कशाला पाठवायची? हात वर करून मतं घेतली. मीही हात वर केला. जरा उशिरा, पण केला.

त्या यादीत शिवलिंगप्पा वकील होते. उर्दूत अर्जी कशी लिहावी हे मला त्यांनी शिकवलं. आता थकून नळदुर्गला राहात होते. पत्रानं कळवणं बरं दिसेना, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या मोटारीनं निघालो. मंडळातलं दुसरं कुणी गाडीत नव्हतं.

ते बाजेवर पडून होते. मी टेकलो, तोच म्हणाले, "नावं गेली म्हणायची."

माझा हात खिशाकडे गेला.

"अकरा हात वर झाले. तुमचा शेवटी. अध्यक्षांना ठसका लागला, तुम्ही पाणी द्यायला गेलात अन् पेला कागदावर कलंडला. ठराव पुन्हा लिहावा लागला, व्हय ना?"

तो दुसऱ्यांदा लिहिलेला कागद माझ्या खिशात होता.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायचं कुणी? मी तिथंच होतो. दाराजवळच्या बाकावर. कुणी या-बसा म्हटलं न्हाय, एवढंच." आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागलं.

बाहेर आल्यावर त्यांच्या सुनेला विचारलं. ती म्हणाली, "मामंजी दोन म्हैने घराभाईर न्हाईत. काल तिसऱ्या पहारी मातर लई हाका मारल्या. डोळे उघडे, पर वळखच देईनात."

आमची मीटिंग तिसऱ्या प्रहरीच होती.

पुढच्या मीटिंगमध्ये मी तो ठराव रद्द करायला उभा राहिलो. नाव घेतलं नाही, नळदुर्गचं काही बोललो नाही. फक्त म्हणालो, माझा हात चुकला होता. बराच वाद झाला. शेवटी नावं परत आली, आणि दर महिन्याला कुणीतरी जाऊन निवृत्तांना कामकाज सांगायचं, एखाद्या खटल्यावर त्यांचं मत घ्यायचं, असंही ठरलं.

मी पुन्हा नळदुर्ग गाठलं. म्हटलं, यांना सगळं आधीच ठाऊक असणार.

"काय ठरलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही नव्हता काय... बाकावर?"

ते ओशाळून हसले. "बसलो होतो वाट बघत. डोळे मिटून पाह्यलं, उघडे ठेवून पाह्यलं. या खेपंला काहीच दिसलं न्हाय."

"मागच्या वेळी कसं दिसलं?"

"तेच मी तुम्हाला विचारणार होतो."

दोघांनीही खूप डोकं चालवलं. स्वप्न म्हणावं तर पेल्याचं काय? कुणी निरोप दिला म्हणावं तर कुणी, आणि कधी? ते गेले तोवर आमचं काही जमलं नाही, आणि मला एकट्याला अजूनही जमलेलं नाही.

त्या दिवशी मात्र त्यांनी उशी पाठीला लावून घेतली अन् म्हणाले, "बरं, पहिल्यापासून सांगा. कोण कोण आलं होतं?"